खो

दोरीला दर सहा फुटांवर गाठी मारून
मी तंबू मोजले, एप्रिलच्या पहिल्या रविवारी, येऊरला.
आठजणांच्या तंबूत तीन मुलं मावली.
तेरा तंबू, एकोणचाळीस मुलं.
फोन मात्र शंभरावर येऊन गेलेले.

घोडबंदरहून, सतराव्या मजल्यावरून, कैवल्यची आई:
घ्याच हो शिबिर, चाचण्यांचे पैसे आम्ही भरू,
परवा लिफ्टमध्ये कुणी शिरलं
तर हा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
राबोडीहून शिफाचे अब्बा:
दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहाजण, बाई,
तुमच्याकडे निदान हवा तरी आहे.
यातलं खोटं कुठलं म्हणू?
समोर करंजाची सावली पसरली होती,
एकोणचाळीस काय, चारशे मुलं बसतील एवढी.

म्हणून संमतीपत्र लिहायला घेतलं.
कलम एक: ताप असल्यास पाठवू नये.
कलम चार: शेकोटीभोवती मोठ्याने गाऊ नये.
(लिहिताना माझं मलाच हसू आलं.)
कलम सात: मैदानी खेळ.
तिथे पेन अडलं.
खो पाठीला हात लावूनच द्यायचा असतो.
नुसता तोंडाने दिलेला खो फाउल,
हे मीच शिकवत आले, एकवीस वर्षं.

आणि पहिली रात्र कुठल्या कलमात बसवू?
अकराच्या सुमाराला एक तरी तंबू मुसमुसायला लागतो.
पोरगं म्हणतं, पोटात दुखतंय.
पोटात काही नसतं.
मी शेजारी बसते, पाठीवरून हात फिरवते,
त्याचा श्वास माझ्या मानेवर येत राहतो,
हळूहळू संथ होतो.
दोरीच्या कितव्या गाठीवर बसून करायचं हे?

लाडकी वरठा फाट्यांची मोळी टाकून जवळ आली.
एकवीस उन्हाळे मुलांनी तिच्या हातचं पिठलं खाल्लंय,
नावं ठेवत, आणि परत मागून.
कागद तिने उलटसुलट पाहिला.
यावर सह्या कुनाच्या?
आईबापांच्या, मी म्हटलं.
पोरं खालून येनार, ती म्हणाली, तुमच्या ठाण्यातून.
दुखनं आलं तर आधी माझ्या पाड्यात येऊन बसंल.
सासूला माझ्या धड दम पुरत नाय.
तिची सही कुठं हाय?

ते कलम मला सुचलंच नव्हतं.

मग मोळी सोडता सोडता, पाठमोरीच:
आनि नाय घेतलं शिबिर,
तर मे महिन्यात माझं काय?

रात्री सगळ्यांना एकच निरोप पाठवला. यंदा नाही.
शिफाच्या अब्बांनी नुसतं 'ठीक आहे' लिहिलं.
कैवल्यच्या आईने लिहिलं,
शेवटी तुम्हीही खो घातलात.

तंबू उन्हात टाकले, झटकले,
डांबराच्या गोळ्या घालून बांधून ठेवले.
लाडकीला अर्धा पगार धाडला.
तिने करवंदांची पिशवी परत धाडली,
आणि स्वतः वरच्या बंगल्यावर भांडी घासायला गेली,
जिथे दर शनिवारी चाळीसेक माणसं जमायची,
मोठ्याने गायची,
कुठल्याही कागदावर सही न करता.

सासू जूनमध्ये गेली.
कशाने, ते कुणी तपासलं नाही.
शिबिर मी घेतलं नव्हतं,
हे मी तिच्या अंगणात उभी राहून
स्वतःलाच दोनदा सांगितलं.
लाडकी काही म्हणाली नाही. चहा दिला,
कप खाली ठेवून, दोन पावलं मागे सरून.

अजून रात्री अकराला मला जाग येते,
नौपाड्यातल्या घरात, पंख्याखाली.
सवयीने कान देते. शेजारच्यांचा टीव्ही, एक कुत्रं.
सतराव्या मजल्यावर आत्ता कुणाच्या पोटात दुखतंय का,
इथून कसं कळावं.
उठते. खुंटीवरची शिट्टी काढते,
पदराने पुसते.
तोंडाला लावत नाही.