पान दोनशे बारा

लाँगटनच्या बाजारात, खाटकाच्या शेजारी,
क्लेमंट टॅम्सचं जुन्या पुस्तकांचं टेबल.
तिथं ते पडलंय, निळ्या कापडी बांधणीचं,
पाठीवरची अक्षरं पुसट झालेली,
रोज कुणीतरी धरलेल्या
पितळी मुठीसारखी.

आत क्लेमंटची पेन्सिल:
जुनी आवृत्ती. शिवण सैल.
पान दोनशे बारावर तपकिरी डाग.
चार पौंड. ते खोडून तीन.

कादंबरीत फारसं घडत नाही.
दोघी जावा समुद्राकाठी खानावळ चालवतात.
एकीचा नवरा निघून जातो, दुसरीचा जात नाही.
यातलं दुसरं अधिक अवघड,
हे लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगितलेलं असणार.

नॉर्मा ब्लूर, वय एक्क्याऐंशी,
पुस्तक उघडते ते आधी कोऱ्या पानाशी.
तिथं सहा नावं, सहा हातांची:
थर्झा ब्लूर, हेप्झिबा कोकली, लेटिस मेचिन,
एडना वुलिस्क्रॉफ्ट, आयडा सॉल्ट,
सहावं पाण्यानं फुटलेलं.
सहाजणींनी वर्गणी काढून घेतलेलं;
आठवडा आठवडा एकीच्या घरी.

पहिलं नाव तिच्या आईचं.
कपांच्या कडांवर सोन्याची रेघ ओढायची ती.
चाक फिरतं, कुंचला हलत नाही;
श्वास चुकला की कप बाद,
मजुरीत तेवढी खोट.
आणि ओलं सोनं सोन्यासारखं दिसत नसतं मुळी.
काकवीसारखं, मळकट तपकिरी.
भट्टीतून बाहेर आल्यावरच
ते कबूल करतं आपण कोण ते.

नॉर्मा दोनशे बारावर येते.
थोरली जाऊ चादरी मोजते आहे.
दारात माणूस येतो, टोपी काढतो.
ती मोजत राहते. अकरा. बारा. तेरा.
चौदावी घडी करून ठेवते, मग बसते.
समासात अंगठा. रेषांसकट. तपकिरी.

एक्कावन्न साली, कोळशाच्या खाणीतून निरोप आला तेव्हा
नॉर्मा सात वर्षांची, शेजारणीचा हात धरून
रंगशाळेच्या दाराशी उभी होती.
आईनं तिला पाहिलं. निरोप ऐकला.
आणि डझनातले उरलेले तीन कप पुरे केले.
गावानं त्यावर पुष्कळ वर्षं तोंडसुख घेतलं.
नॉर्मानंही, मनातल्या मनात.

हे वाचून आई तशी वागली,
की तशीच होती म्हणून अंगठा इथं थबकला,
कसं कळणार? कागद काही भट्टीत घालता येत नाही.

‘डाग आहे म्हणतोस ना,’ ती क्लेमंटला म्हणाली,
‘मग अडीचला दे.’
त्यानं दिलं. वर एक पिशवीही.

बसमध्ये तिनं हातमोजा काढला,
डागावर आपला अंगठा ठेवला.
डाग मोठा निघाला. चांगलाच मोठा.
आईची बोटं तर सुईसारखी होती,
तिचं अंगुस्तान नॉर्माच्या करंगळीलाही बसत नाही.

म्हणजे हेप्झिबा असेल. किंवा आयडा,
जिच्याबद्दल कुणीच कधी काही बोललं नाही.
किंवा ती सहावी.

खिडकीला वाफ धरली होती.
तिचा थांबा येऊन गेला.
ती पुन्हा पहिल्या पानावर गेली
आणि ते पाणी पडलेलं नाव
उजेडाकडे धरून वाचू लागली.