लोणच्याची बादली

बादली लोणच्याची होती.
कोपऱ्यावरच्या सँडविचवाल्यानं दिलेली. तीनदा धुतली
तरी व्हिनेगरचा आणि काकडीचा वास जाईना.
मागच्या वर्षीपर्यंत ती वेंडेलच्या हातात असायची.
तो म्हणायचा, वाजवू नकोस. खुळखुळा बाळाला दाखवतात.
माणसाच्या डोळ्यांत बघ आणि गप्प उभा राहा.

तर मी उभा आहे.
ऑगस्टचा रविवार, तरी सॅन फ्रान्सिस्कोचं धुकं
गोदामांच्या मागच्या या गल्लीतून दुपारपर्यंत हलत नाही.
रस्त्यावर दोन लाकडी अडसर, मधे मी.
आत जायला तिकीट नाही. जमेल ते टाका,
मग छातीवर एक लाल गोल स्टिकर.
चामड्याच्या जाकिटावर तो टिकत नाही,
उघड्या छातीवरून केस घेऊन निघतो.
तरी लोक छाती पुढे करतात.

सहा फुटी ल्युक्रिशिया आली, वर चार इंचांच्या टाचा,
चोळीतून काढलेली पाचाची दमट नोट टाकून गेली.
लाँड्रीवाले मिस्टर याप डबाभर चिल्लर घेऊन आले,
गिऱ्हाइकांच्या खिशांत सापडलेली.
म्हणाले, त्यांचीच आहे, न्यायला आले नाहीत.
थोडं थांबून म्हणाले,
कपडेही आहेत. इस्त्री केलेत.

कोटातल्या एकानं विचारलं, या पैशांचं होतं काय?
भाडं, म्हटलं. विजेचं बिल. इस्पितळापर्यंत टॅक्सी.
मांजरांचं खाणं, कारण माणूस जातो, मांजर राहतं.
आणि एकदा एकाचा पियानो सुरात लावून घेतला,
त्याला दिसेनासं झालं होतं.
पियानोचं त्याला पटलं नसावं.
वीस टाकले, स्टिकर कोटाच्या आतल्या बाजूला लावला.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
आमच्या तळ्याला खालून भोक आहे,
हे बादली धरणाऱ्याला माहीत असतं.

दोनच्या सुमारास ती आली. साठीची,
पांढऱ्या सँडल्स, हातात किराण्याची पिशवी.
ऑरिन तिथं उंच खुर्ची मांडून बूट पॉलिश करतो,
पॉलिशचे सगळे पैसे बादलीत.
ती खुर्चीवर चढून बसली
आणि पाय ठेवायच्या जागी
पिशवीतले बूट ठेवले. काळे, अकरा नंबरचे.
किती घेता?
ऑरिन म्हणाला, जे वाटेल ते.

मी अडसराजवळून बघत होतो.
ऑरिननं डावा बूट उचलला, टोकाजवळच्या चिरेवरून
अंगठा फिरवला, आणि थांबला.
ती चीर त्यानं चार उन्हाळे मेणानं बुजवली होती.
तो बोलला नाही. तिनंही नाव सांगितलं नाही.
पाऊण तास घासला त्यानं तो जोड.
मागे रांग लागली, कुणी कुरकुरलं नाही,
एक कुरकुरला, त्याला ल्युक्रिशियानं बिअर पाजली.

मग तिनं सँडल्स काढून पिशवीत टाकल्या,
बुटांत पाय घातले,
आणि नाड्या घोट्याला दोनदा गुंडाळून
फटक फटक करत गल्लीभर फिरली.
मक्याचं कणीस खाल्लं. लॉटरीचं तिकीट घेतलं.
जाताना बादलीत काय टाकलं ते मी बघितलं नाही,
वेंडेलनं सांगितलं होतं, डोळ्यांत बघ.

रात्री बारमध्ये बिलियर्डच्या टेबलावर मोजणी.
तीन हजार दोनशे चौदा डॉलर,
बसचं एक टोकन, शर्टाचं बटण,
आणि कुणाची तरी दुपारची गोळी.
गोळी आम्ही खिडकीत ठेवली,
मालक परत येईल म्हणून.

सोमवारी बँकेत मी पिशवी सरकवली.
मागच्या वर्षी या खिडकीतल्या माणसानं
आधी ड्रॉवरमधून रबरी हातमोजे काढले होते,
आणि वेंडेल त्याला गुड मॉर्निंग म्हणाला होता.
आज नवी मुलगी होती.
तिनं अंगठा जिभेला लावला, नोटा मोजू लागली,
पुन्हा जिभेला, पुन्हा नोटा,
मधेच थबकली, तोंड आंबट केलं.
लोणचं?
हो, म्हटलं, काकडीचं.
ती हसली, आणि आकडा चुकल्यामुळे
अंगठा ओला करून
पहिल्यापासून मोजू लागली.