रुमालाखालचा आकडा

सांगली सिव्हिल, खाट नंबर अकरा.
सिद्राम ऐवळे, वय बावन्न, गाव जतकडचं.
व्यवसायासमोर फॉर्मवर रेघ एवढीशी असते.
मी विचारलं, 'मार्केट यार्डात तोलणार का?'
'तोलणार न्हाई वो. नुसता हमाल.'

आधी बघायचं, मग हात लावायचा,
मिरजेला नर्सिंगला असताना हेच पहिलं शिकवलं.
म्हणून बघितलं.
दारापासून खाटेपर्यंत नऊ पावलं चालला,
पाठीवर काही नसताना
काहीतरी असल्यासारखा.
उजवा खांदा बोटभर खाली.
मानेमागं, पोतं टेकतं तिथं,
बैलाला जुवाचा पडतो तसला घट्टा.

नख दाबून सोडायचं, रंग किती वेळात परततो ते मोजायचं.
पण नखं पिवळी.
स्पिरिटनं घासली, तरी पिवळी.
लग्नाची हळदसुद्धा चार दिवसांत उतरते;
ही तीस वर्षांची.

कोपरामागं हातोडी मारली.
डावा हात दचकला.
उजवा विचार करत राहिला.

'डोळे मिटा. कापूस लागला की हो म्हणा.'
अंगठ्यावर हो.
पहिल्या बोटावर हो.
मधल्यावर, जरा थांबून, हो.
करंगळीवर मी कापूस फिरवत राहिले
आणि तो मिटल्या डोळ्यांनी वाट बघत राहिला,
हजेरीत आपलं नाव यायची वाट बघणाऱ्या पोरासारखा.
शेवटी मीच कापूस बाजूला ठेवला.
तेव्हा म्हणाला, 'लावा की.'

'दुखतं किती? शून्य म्हणजे काहीच नाही,
दहा म्हणजे आता सोसवत नाही.'
पायथ्याशी मुकादम उभा होता.
माणूस वाईट नाही, मोसंबी त्यानंच आणलेली.
'दोन,' सिद्राम म्हणाला. 'दोन बी न्हाई म्हणा.'
'मग परवा सोडाल ना?' मुकादम म्हणाला. 'सीझन हाय, सिस्टर.'
मी पेन दोनवर नेलं.
तेवढ्यात यानं गळ्यातला रुमाल काढला.

पूर्वी हळदीचे सौदे असे व्हायचे, आमचे वडील सांगायचे:
रुमालाखाली हातात हात,
तोंडानं हवापाण्याच्या गप्पा,
भाव बोटं ठरवणार.
पोत्यावर बसून या माणसानं
शेकड्यानं सौदे बघितले असतील.
रुमालाखाली हमालाचा हात
कुणी कशाला मागेल?

रुमाल त्यानं माझ्या हातावर टाकला.
'सिस्टर, तुमचं गाव कुठलं वो?' चांगलं मोठ्यानं.
'कवठे एकंद.'
'दारूकामाचं?'
'तेच.'
आणि रुमालाखाली: अख्खा पंजा. पाच.
पंजा सुटला. एक बोट. दुसरं बोट.
तिसरं निघालं,
माझ्या तळव्याच्या अलीकडं थांबलं.

सात म्हणाला हा माणूस?
की आठ म्हणाला,
आणि आठव्यात जोर उरला नव्हता?

मी तीन बोटं दाबली, विचारल्यासारखी.
'दसऱ्याला लई आवाज करता तुमी,' तो म्हणाला,
आणि पापणी एकदाच खाली केली.

लिहिलं:
वेदना आठ. उजवी पकड पाचपैकी तीन.
करंगळी, शेजारचं बोट: स्पर्श कळत नाही.
डॉक्टरांना कळवलं, दुपारी चार दहा.

'काय लिवलं एवढं?' मुकादमानं मान लांबवली.
'हवापाणी.'

रात्रीच्या ड्युटीला पूनम आली.
सलाईन, लघवी, बीपी, सगळं सांगितलं.
मग म्हटलं, अकरा नंबर तोंडानं दोन सांगेल.
ते धरू नकोस.
माणसं बाहेर गेली की खाटेपाशी बस
आणि हात दे.
ती माझ्या तळव्याकडं बघत होती.
'हळद सांडली का ग?'