आठ रात्रींचं भाडं

सिनेमावाले आले तेव्हा मी
डॉन अन्सेल्मोच्या छातीवर नाळीची भाजी निवडत होते.
संगमरवर थंड असतो, पानं मान टाकत नाहीत.

मनिलाच्या या जुन्या दफनभूमीत
आमची गल्ली श्रीमंतांची. खांब, जाळीचं दार,
पंख तुटलेला एक देवदूत,
त्याच्या कोपराला दोरी, दोरीवर आमचे कपडे.
डॉनची नातवंडं कॅनडात.
सगळ्या संतांच्या सणाला झाडलोटीचे पैसे पाठवतात,
उरलेलं वर्ष म्हातारा आमचाच.

दिग्दर्शकाचं नाव एल्पिडिओ, मोटारसायकल विकून आलेला.
तीन दिवे, एक उसना जनरेटर,
धुरासाठी नारळाच्या शेंड्या.
रक्त साखरेच्या पाकाचं; मुंग्यांना फार आवडलं.
म्हणाला, ताई, घर रिकामं करा,
थडगं थडग्यासारखं दिसायला हवं.

मग टीव्ही बाहेर, भाताचा कुकर बाहेर,
दप्तर, कॅलेंडर, खुराड्यासकट कोंबडा.
आठ रात्री आम्ही झोपलो पलीकडे,
कुण्या चिनी सावकाराच्या ओट्यावर.
तोही भला निघाला, काही बोलला नाही.

भूत होणारी नटी दुसऱ्याच रात्री तापानं फणफणली.
पांढरा झगा माझ्या अमिहानच्या अंगाला बसला.
तोंडाला पीठ, डोळ्यांखाली काजळी.
पोरीला सगळं जमलं,
तरंगल्यासारखं चालणं, मान मोडल्यासारखी टाकणं.
किंकाळी तेवढी येईना.
एल्पिडिओ म्हणे, घाबर.
ती म्हणे, कुणाला?
इथंच जन्मली, या फरशीवर रांगली,
हिची बोबडी वळवायची कुणी?

पहाटेचे अडीच. पेट्रोल तळाला.
तो तिच्यासमोर उकिडवा बसला, हळू म्हणाला,
तुला ज्याची खरंच भीती वाटते ते आठव.
मला सांगू नकोस.

मी जनरेटरपाशी वायर धरून उभी होते.
ती कुठं गेली ते मला कळलं.
तिकडं मागच्या भिंतीत कोनाडे आहेत, पाच वर्षांच्या कराराचे.
पाच भरली की हातोडा येतो.
तिसऱ्या रांगेत तिचा भाऊ होता.
त्यांनी तांदळाचं रिकामं पोतं आणलं होतं,
पंचवीस किलोचं.
अर्धंही भरलं नाही.

ती ओरडली.

गल्लीतली कुत्री गप्प झाली.
मेकअपवाल्या मुलीनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस रेखला.
आवाजवाल्यानं कानावरचे डबे काढले, म्हणाला,
फाटला. मशीनला पेलला नाही.

सिनेमात आहे ती किंकाळी विकतची,
कुठल्याशा परदेशी बाईची,
घोटून घोटून गुळगुळीत केलेली.

नोव्हेंबरात चादर टांगून दाखवला त्यांनी, आमच्याच गल्लीत.
दीडशे माणसं, उकडलेल्या शेंगा.
भूत आलं की पोरं ओरडत,
अमिहान, जेवलीस का गं?
एल्पिडिओही हसला, मग हसायचा थांबला.
मोटारसायकल आठवली असेल.

एका जागी भूत वळतं,
आणि मागं, डॉनच्या कोरलेल्या नावाखाली,
उचलायचा राहिलेला आमचा पेला दिसतो,
दात घासायच्या ब्रशांचा.
चूक राहिली, एल्पिडिओ पुटपुटला, कापायला हवं होतं.

आम्ही घरात तिघं.
पुढं बसलेल्या कुणीतरी ब्रश मोठ्यानं मोजले,
एक, दोन, तीन,
आणि चार म्हणता म्हणता आवाज खाली आणला.
शेंगा फोडायच्या थांबल्या.

चौथा मीच ठेवते. निळा.
आमचे बदलते तेव्हा त्याचाही बदलते,
दुकानदार चारावर थोडं कमी करतो.

भाडं सात रात्रींचं मिळालं.
आठवीचं, म्हणे,
सिनेमा चालला की.