पान जड आहे

नागदेवी स्ट्रीटवरच्या बेअरिंगच्या दुकानाची
वेबसाइट मी सांभाळते.
हकीमुद्दीनशेठ दर सोमवारी विचारतात,
"गिऱ्हाईक किती आलं?"
मी आलेख दाखवते. ते चष्मा कपाळावर सारून
त्यात गल्ला शोधतात.

तीन सेकंदांत पान उघडलं नाही
तर माणूस निघून जातो, असं आमचं शास्त्र.
आणि हे पान काही लवकर उघडत नाही,
कारण तळाशी एक फोटो आहे, भलामोठा:
जुना लाकडी काउंटर, वर तेलकट वजनकाटा,
कडेला कुणाचा तरी कोपरापर्यंतचा हात.
काढून टाकायचं ठरलं.

पण रोज रात्री पावणेदोनला
नालासोपाऱ्याहून कुणीतरी येतं.
भाव बघत नाही, चौकशी करत नाही,
फोटोपाशी अकरा मिनिटं थांबतं.

शेठना सांगितलं.
ते बराच वेळ एक छर्रा
बोटांत फिरवत राहिले.
"घाग असेल.
एकतीस वर्षं उभा होता तिथे.
बसायला स्टूल मागायचा,
मी आज देतो, उद्या देतो."

या महिन्याच्या अहवालात
'परत येणारे' असा एक रकाना आहे.
मी लिहिलं : एक.

पान अजून जडच आहे.