सुकेपर्यंत

जानेवारी. लष्करात कोहरा असा
की समोरच्या गच्चीवरची टाकी दिसत नाही,
आणि मी पहाटे तीनला खिडकी उघडून उभी,
गाउन पाठीला चिकटलेला,
कानांच्या पाळ्या तापलेल्या.
मागे रजाईतून आवाज: "अगं, मारतेस का आम्हाला?"
आम्हाला म्हणजे फक्त त्याला.
ग्वाल्हेरच्या थंडीत एकटा माणूस अनेकवचनी होतो.

दोन वर्षं हेच.
मी पंखा लावायची, तो कानटोपी चढवायचा.
सहावीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना
एकदा "छेद" हा शब्दच आठवेना.
फळ्यापुढे खडू धरून नुसती उभी.
मुलींना वाटलं, बाई रागावल्या.

त्याचं वेगळं. तो काही बोललाच नाही.
बँकेतून आला की बूट न काढता सोफ्यावर आडवा,
सामना लावायचा आणि बघायचा नाही.
रात्री त्याची पाठ माझ्याकडे,
"जेवणाची सुट्टी" अशी पाटी लावलेल्या काउंटरसारखी.
त्या पाठीचे मी काय काय अर्थ लावले
ते इथे लिहीत नाही.

कम्पूला डॉक्टर कुशवाह बाईंनी
मला आधी सगळं विचारून घेतलं:
आईला, मावशीला, कुणाला छातीत गाठ?
पायात कधी रक्ताची गुठळी?
शेवटची पाळी?
दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी म्हटलं, झेंडू ओवताना.
मग त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "और आप?"
"मी हिच्यासोबत आलोय."
"वो तो दिख रहा है."

दोनदा त्याचं रक्त घेतलं, सकाळी आठला, उपाशी.
दोन्ही वेळा आकडा खाली.
श्रीनिवासने कागदाची चौपदरी घडी केली,
पाकिटात ठेवली, लेकीच्या शाळेतल्या फोटोमागे.
हुजरात पुलापाशी स्कूटर हळू करून
मान न वळवता म्हणाला,
"मला वाटत होतं, मी आळशी झालोय."

आता घरात दोन जेल.
माझं आरशापाशी, त्याचं कपाटात वरच्या फळीवर,
अदलाबदल नको म्हणून.
झालीच तर तुला मिशा फुटतील, तो म्हणतो.
आणि तू गजक खाताना रडशील, मी म्हणते.
(गजक खाताना तो आधीही रडलाय एकदा,
त्याचे वडील गेले त्या वर्षी. तेव्हा आम्ही रिपोर्ट काढला नव्हता.)

चिठ्ठीवर सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित:
सुकेपर्यंत दुसऱ्याला स्पर्श नको.

मिठाची वाटी देतानाही
ज्यांची बोटं इतकी वर्षं एकमेकांना चुकवत आली,
त्यांना ही ताकीद!

तर रोज सकाळी असे बसतो.
पलंगाच्या त्या टोकाला तो, उघडे खांदे, काटा आलेला,
या टोकाला मी, बाही वर गुंडाळून.
थंडीत लवकर सुकत नाही.
खाली दूधवाल्याचा कॅन वाजतो. आम्ही वाट बघतो.
बघायला दुसरं काही नसतं म्हणून एकमेकांना बघतो.

"हा व्रण कसला?"
"देवीच्या लशीचा. लग्नाआधीपासून आहे."
"हो?" तो म्हणतो,
आणि बोट पुढे येतं, अर्ध्यावर थांबतं,
आठवण होऊन मागे जातं.

सगळं मार्गी लागलं असं नाही.
गुडघे तेच. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त,
वर्षातून एकदा छातीचा फोटो, मशीनची ती गार पट्टी.
पण खिडकी रात्री बंद असते बहुतेक.
छेद आठवतो. काल त्याने
हरलेला सामना शेवटपर्यंत पाहिला आणि शिव्या दिल्या,
मला स्वयंपाकघरात ऐकू आल्या, बरं वाटलं.

"सुकलं का?"
"हात धुतलेस?"
तो दोन्ही पंजे दाखवतो, उलटसुलट,
नखं तपासताना पोरं दाखवतात तसे.
डाव्या अंगठ्याचं वाढलंय.
मी सोडून देते.