गंगाखेडचं पॉकेट

परभणीत, सरकीच्या गोदामामागं
मुन्तजिबभाईंचं टेबल होतं.
एकच.
निजामाच्या काळातल्या कुठल्याशा क्लबाचा लिलाव झाला,
तेव्हा पाच शिळा ट्रकमधून आल्या, त्यातली एक तडकलेली.
भाईंनी तडा मेणानं बुजवला, वर हिरवं कापड ताणलं,
दारावर पाटी लावली नाही.
ज्याला यायचं तो बॉलच्या खटक्यावर यायचा.

सहा पॉकेटांना आम्ही गावचे रस्ते वाटले होते.
चार कोपरे जिंतूर, वसमत, पाथरी, गंगाखेड;
मधल्या दोघांत एक स्टेशन, एक दर्गा.
"काळा पाथरीला," म्हणायचा दिगंबर लोखंडे,
जणू पाहुण्याला यष्टीत बसवून देतोय.

जमीन मात्र गंगाखेडकडं कलती.
हळू मारलेला कुठलाही बॉल
शेवटच्या वितीत विचार बदलायचा
आणि गोदावरीची ओढ लागल्यागत तिकडंच वळायचा.
बाहेरगावचा खेळाडू काठी आपटायचा.
भाई सुपारी कातरत म्हणायचे,
"मियाँ, टेबल तो सीधाच है.
परभनी टेढी है."

मी मार्कर. चौदाव्या वर्षापासून.
पाटीवर गुण लिहायचे, माठ भरायचा,
शाळेतून खडू उचलून आणायचा,
कारण निळा खडू हैद्राबादहून यायचा
आणि तो फक्त पैजेच्या डावाला.

लाईट जायची तेव्हा कोणी जागचं हलायचं नाही.
भाई अंधारात पांढऱ्या बॉलवर तळहात ठेवून बसायचे,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.
दोन-दोन तास.
बॉल सरकला, असं एकदाही कोणी म्हणालं नाही.

भिंतीवर एक फोटो होता, मासिकातून कापलेला:
विलायतेतलं थेटर, मधोमध उजेडातलं टेबल,
भोवती श्वास धरून बसलेली माणसं.
दिगंबर डाव मांडण्याआधी त्याला दोन बोटं लावायचा.
"जगात जर्मनी," पोरं चिडवायची.
"जर्मनी राहू द्या," तो म्हणायचा, "मला इथं जायचंय."

पुण्यापर्यंत गेला एकदा.
आम्ही वर्गणी केली, बूट माझ्या मामाचे.
पहिल्याच फेरीत हरला.
पहाटे स्टेशनवर उतरला, चहा बशीत ओतला,
बशी तशीच धरून म्हणाला,
"टेबल सरळ होतं रे."

आता मी टेबलं बसवतो.
पुणे, नागपूर, हैद्राबाद, एकदा मस्कतसुद्धा.
ज्या हॉलांची नावं घेताना पोरांचा आवाज खाली येतो
ते मी गुडघ्यांवरून पाहिलेत, रात्री,
शिळेखाली पत्त्याच्या जाडीची पाचर सारताना.
झुंबरं असतात म्हणे. मला पाय दिसतात टेबलाचे.
पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांमध्ये येऊन थांबला
की माझं काम संपतं.

दिगंबर वसमतला हळदीच्या आडतीवर आहे.
भाई गेले. शिळा कोणी कुठं नेल्या, ठाऊक नाही.
एक म्हणे पाथरी रोडला चहाच्या टपरीचा ओटा झाली,
आणि ग्लास ठेवला की तो सरकतो.
हे मात्र कोणीतरी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल.

काम झालं की एक बॉल मी हातानंच हळू सोडतो.
तपासणी म्हणून.
खाली वाकतो, गाल कापडाला टेकवतो.
तो जातो, जातो,
शेवटच्या वितीत मी नकळत खांदा वाकडा करतो.
बॉल सरळच जातो, सांगितलं तिथं थांबतो.
मालक खूश.

काल हाताखालच्या पोरानं विचारलं,
"उस्ताद, जाळी कौनसे पॉकेट की ढीली है?"
तोंडातून निघून गेलं, "गंगाखेडची."
बिहारचा पोरगा. हातात पक्कड घेऊन
अजून टेबलाभोवती फिरतोय.